पाकिटावर ठेवलेलं तुळशीचं पान

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी. पखवाजवाले, बोटांना विसावा द्या. एक प्रश्न विचारतो, उत्तराची घाई करू नका. चोर घरात शिरतो कुठून?

दारातून? कोण म्हणालं दारातून? बरं. खिडकीतून? कौलं काढून? नाही हो! सगळे नापास! आजचा चोर आपणच पिशवीत घालून घरी आणतो! वर दुकानदाराला सांगतो, "अजून दोन पाकिटं टाक रे, मसाल्याची!" घरी आणायचं, फडताळात जागा करून द्यायची, आणि मग घरातल्या माणसाला दम भरायचा — "जिभेवर ताबा ठेव हां!" अरे, मांजरापुढं दुधाचं पातेलं उघडं ठेवायचं आणि मांजराला म्हणायचं, बस नामस्मरणाला?

हसा. हसून घ्या. पुढं हसू यायचं नाही. मी आज रागात आहे, आधीच सांगून ठेवतो.

तर ऐका. गोदाकाठी एक गाव. नाव सांगत नाही, तिथली माणसं इथंही पाहुणी असतील. त्या गावात सखाहरी बोडके नावाचा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, भजनी मंडळातला मानाचा वीणेकरी. एकादशी कधी चुकवली नाही. मनुष्य वाईट नाही बरं का! वाईट माणसाची गोष्ट सांगायला कीर्तन कशाला पाहिजे? आणि त्याची बायको भामाबाई. पोरगा नाशिकला कारखान्यात, घरात ही दोघंच.

भामाबाईच्या तोंडावर सूज यायला लागली. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, कागद पाहिले, चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, "बाई, तुमच्या किडन्या दमल्यात. मीठ तोडायचं. पापड, लोणचं, वेफर्स, शेव, फरसाण, सगळं बंद." आणि मग सखाहरीकडं बघून म्हणाल्या, "मामा, नुसतं हिला खाऊ देऊ नका एवढंच नाही सांगत. घरातच आणू नका. समोर दिसलं की माणूस किती दिवस दम धरणार?"

सखाहरी हसला! "डॉक्टरीणबाई, माळकऱ्याचं घर हाये आमचं. ताबा आम्हाला नगा शिकवू."

आणि परत येताना एसटी स्टँडवर बाबा शिरला दुकानात. चार पाकिटं घेतली. त्याच दिवशी! त्याच पिशवीत एका अंगाला बायकोच्या गोळ्या, दुसऱ्या अंगाला वेफर्स!

आता भामाबाईचं बघा. बिनमिठाची भाजी कधी खाल्लीय कुणी? एक दिवस खाऊन बघा, मग बोला. घास तोंडात फिरतो, खाली उतरत नाही. तरी ती खायची. मुकाट्यानं खायची. पण दुपारचे चार वाजले की चहा व्हायचा, आणि सखाहरी मधल्या खोलीत मांडी घालून पाकीट फोडायचा. फर्रर्र! तो आवाज झाला की भामाबाईच्या तोंडाला पाणी सुटायचं. मसाल्याचा वास चुलीपर्यंत यायचा. ती उठायची, परसात जायची आणि घासलेली भांडी पुन्हा घासायची. राखेनं हात सोलायची, पण आत यायची नाही. असे तीन महिने काढले त्या माउलीनं. तीन महिने! आपल्याला तीन तास निघत नाहीत!

एकदा ती म्हणाली, "अहो, तुम्ही खा, मी नाही म्हणत नाही. पण चौकात खा, पारावर बसून खा. घरात नगा आणू."

"माझ्याच घरात मी चोरून खाऊ व्हय? तुझं मन कच्चं, त्याला मी काय करू? मनावर ताबा पाहिजे!"

वा रे ताबा! पाकीट याच्या मांडीवर आणि ताबा तिनं ठेवायचा! खाणारा हा, आणि तप तिचं! आपल्याकडं ही रीतच आहे बघा. घरात पथ्य एकाचं असलं की बाकीचे त्याला उपदेश करतात, तोंडात घास ठेवून—

थांबा. मागं खांबापाशी काहीतरी फर्रर्र झालं. टाळ नव्हता तो. मी नाव घेत नाही. ऐकत राहा.

मग आली एकादशी. आपल्या एकादशीचं तुम्हाला मी काय सांगावं? एकादशी आणि दुप्पट खाशी! साबुदाण्याची खिचडी, साबुदाण्याचे वडे, बटाट्याचा चिवडा, आणि वेफर्सच्या पाकिटावर 'उपवासाचे' असं छापलेलं असलं की झालं, पाकीट पवित्र! रोजच्याच कढईतला, रोजच्याच तेलातला बटाटा, एकादशीला मात्र त्याला वैकुंठ दिसतं!

त्या दिवशी गावात कीर्तन होतं, आणि कीर्तनाचा बुवा फराळाला सखाहरीकडं. पाट मांडले. सखाहरीनं काय केलं? पाकीट फोडून पितळेच्या ताटलीत ओतलं, वर तुळशीचं पान ठेवलं, देवापुढं नेलं, ताटलीभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले. नैवेद्य! घरातलं काहीही देवाला दाखवल्याशिवाय खायचं नाही, हा त्या घरचा नेम. नेम चांगलाच. पण नेमाच्या आडून काय आत येतंय ते बघा!

बुवाला वाढलं. स्वतःला घेतलं. आणि मूठभर भामाबाईपुढं धरलं. "घे. प्रसाद."

"मीठ हाये त्यात. डॉक्टरीणबाई काय म्हणल्या?"

"देवापुढून आलेल्यात मीठ राहतं व्हय? प्रसादाला नाही म्हणतीस? माझ्या माळेची तरी लाज धर!"

भामाबाईनं बुवाकडं पाहिलं. तिला वाटलं, हा शास्त्र जाणणारा माणूस, हा तरी सांगेल. आणि बुवा काय म्हणाला? दोन्ही गालांत वेफर्स होते त्याच्या, आधी गिळले आणि मग म्हणाला, "घ्या माई. प्रसादानं कुणाचं वाईट झालेलं ऐकलं नाही."

घेतलं तिनं.

आता खरं बोलतो, कारण खोट्या गोष्टी सांगायला मी उभा नाही. तिनं ते तोंडात घातलं तेव्हा ती रडली नाही. तिला बरं वाटलं! तीन महिन्यांनी जिभेला मीठ लागलं, सगळं अंग सुखावलं. त्या दिवसापासून तिचीही तपश्चर्या मोडली. एकादशी पंधरा दिवसांनी येते, पण प्रसाद रोज यायला लागला! आज वेफर्स, उद्या शेव, परवा फरसाण. हा देवापुढं ठेवायचा, ती हात पुढं करायची. चार वाजायच्या आत ती स्वतः वृंदावनाशी जाऊन पान खुडून ठेवायची! तिला कळत नव्हतं? सगळं कळत होतं. पण देवाच्या नावावर मिळत होतं ना! आपण खात नाही, देव खायला घालतोय! पाप करताना आपल्याला एक मोठं माणूस पुढं लागतं बघा, मग बिनघोर होतं सगळं.

पाय सुजले. पायातली जोडवी बोटांत रुतायला लागली. ती पदरानं पाय झाकून बसायची. सांगितलं तर प्रसाद बंद होईल! सूज सोसवत होती, पण ते सोसवत नव्हतं. कळतंय का मंडळी, जीभ माणसाला कुठं नेते ते?

दोन महिने गेले. एका बारशीला, उपवास सोडायच्या वेळी, ती ताट वाढायला वाकली आणि तिला श्वास घेता येईना. भिंतीला धरून बसली. तोंड उघडतेय, वारा आत जात नाही. सखाहरी ओरडत बाहेर पळाला. शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं. फुप्फुसात पाणी भरलेलं! एवढ्यात सिस्टर म्हणाली, "हिच्या पायाची बोटं काळी पडायला लागलीत, जोडवी काढा." साबण लावला, दोरा गुंडाळून पाहिला, जोडवी हलेनात. शेवटी कटर आणला. कट्! आणि दुसऱ्या पायाचं, कट्!

सौभाग्याची जोडवी, मंडळी. मंडपात बसून ब्राह्मणाच्या साक्षीनं घातलेली. नवरा धडधाकट उभा असताना तोडली! आणि ते चांदीचे तुकडे सिस्टरनं कुणाच्या हातावर ठेवले? सखाहरीच्या.

डॉक्टरीणबाई आल्या. "हिच्या पोटात एवढं मीठ गेलं कुठून?"

सखाहरी खाली बघून म्हणाला, "प्रसाद होता."

"प्रसाद? देवानं दिला, का तुम्ही? या वेळेला औषधानं पाणी उतरवते. पुढच्या वेळेला मशीन लागेल, आणि मग ते सुटत नाही. समजलं का?"

नऊ दिवसांनी भामाबाई घरी आली. आता तुम्हाला वाटेल, सखाहरी सुधारला. अहो, कसला सुधारतोय! चार दिवस दुकानाकडं फिरकला नाही. पुढच्या एकादशीला गेला दुकानात. मनाशी म्हणाला, लहान पाकीट घेतो. एकटाच खाईन, तिला दाखवणार नाही. असंच असतं ना आपलं? लहान पाकीट! विष लहान बाटलीत घेतलं म्हणून काय औषध होतं?

घरात शिरला. भामाबाई देवापुढं बसलेली. पितळेची तीच ताटली मांडलेली, वर तुळशीचं पान, भोवती पाणी फिरवलेलं.

"आज नैवेद्य मी दाखवलाय," ती म्हणाली. "या, बसा. प्रसाद घ्या."

सखाहरीनं पान उचललं. खाली जोडव्यांचे चार तुकडे.

"हे काय गं?"

"प्रसाद. घ्या की हातात. कुरकुरीत हाये. चावा!"

"भामे—"

"चावा म्हणते ना! देवापुढनं आलंय! प्रसादाला नाही म्हणता? माळेची तरी लाज धरा!" आवाज एवढा चढला, की शेजारीण कुंपणाशी आली. "चाळीस वर्षं तुमच्या एकादश्या मी रांधल्या. एका शब्दानं बोलले नाही. देवानं कधी मागितलं होतं हे? त्याच्या आडून आपण दोघांनी खाल्लं! हां, दोघांनी! पान मी खुडून द्यायची, माझी बी जीभ चोर हाये. तिला मी आवरीन, जमेल तसं आवरीन. पण चोराला रोज घरात आणून माझ्या शेजारी नगा बसवू! पोराला फोन केलाय. सांजच्याला न्यायला येतोय. ह्या घरात एक तर तुमची ती पिशवी राहील, नाहीतर मी. काय ठेवायचं ते ठेवा."

 सखाहरीला वाटलं होतं, बाई रडेल, आपण समजूत घालू. ही तर रडायला तयार नाही! पाय अजून सुजलेले, बोटांवर जोडव्यांचे काळे वण, आणि नजर सरळ.

मग काय केलं त्यानं? पिशवी उचलली. फडताळातला डबा काढला. माळ्यावरून एक पुडा काढला. आणि शेवटी कुठं गेला सांगू? खुंटीवरची वीणा! वीणेच्या गवसणीत, त्या कापडी खोळीत हात घातला आणि आतून तीन पाकिटं काढली! जी वीणा गळ्यात घालून गावापुढं नाचायचा, तिच्या गवसणीत! ते बघून भामाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. सगळं नेऊन उकिरड्यावर फाडून ओतलं त्यानं, परत उचलता येऊ नये म्हणून फाडून. आला, पाय धुतले, तिच्यासमोर बसला. तिनं बिनमिठाची भगर दोन ताटांत वाढली. पहिल्या घासाला त्याचा हात मिठाच्या वाटीकडं गेला. वाटी नव्हती. मुकाट्यानं खाल्लं त्यानं. संध्याकाळी पोरगा आला, दोघांना बघितलं, आणि एकटाच परत गेला.

झालं का आख्यान? नाही झालं. एक माणूस राहिला.

त्या पहिल्या एकादशीला पाटावर बसलेला तो बुवा. आठवतोय? गाल फुगवून म्हणाला होता, "प्रसादानं कुणाचं वाईट झालेलं ऐकलं नाही." तिनं त्याच्याकडं पाहिलं होतं. तो "नको माई" एवढं म्हणाला असता, तर तिच्या अंगात बळ आलं असतं. कोण तो बुवा?

हा! हा तुमच्यापुढं उभा आहे तो!

मंडळी, म्हणून राग येतोय मला! सखाहरीचा येत नाही एवढा या तोंडाचा येतोय! मूठभर वेफर्सच्या लालचेनं मी शास्त्र गिळलं. भामाबाई जिवंत आहे, पथ्यावर आहे. पण तिच्या पायात जोडवी नाहीत. सखाहरी नवी घ्यायची म्हणतो, ती म्हणते, सूज उतरू द्या. मी भेटायला गेलो तर तिनं पाणी दिलं. रागावली नाही. त्याचंच जास्त लागलं.

तुम्ही मान खाली घालू नका, मी तुम्हालाच विचारतोय! तुमच्या घरात पथ्याचं माणूस कोण आहे? म्हातारी आई? नवरा? साखरेचा आजार असलेली बहीण? त्याच्या डोळ्यांपुढं, त्याच्या हाताला येईल असं काय ठेवलंय तुम्ही? आणि वर कुठला उपदेश करता त्याला? दुकानाच्या पायरीवर एकदा नाही म्हणायचं असतं, एकदाच! ते तुम्ही म्हणत नाही, म्हणून घरातल्या त्या आजारी जिवाला दिवसातून शंभरदा नाही म्हणावं लागतं! हे पुण्य का पाप, सांगा ना! आता का कुणी बोलत नाही?

घरी जा, आधी फडताळ उघडा, मग देवाला हात जोडा. आणि आपापल्या वीणेच्या गवसणीत हात घालून बघा, काय सापडतंय ते. ज्यांच्याकडं वीणा नाही त्यांनी जास्त बघा.

चला, उचला टाळ. नामाचा गजर करू. पण खांबापाशी बसलेल्या बाबांनी आधी ते पाकीट इथं माझ्याजवळ आणून द्यावं. या, लाजू नका. मीसुद्धा लाजत लाजतच सांगितलंय हे सगळं.