तुरा नसलेला कोंबडा

१९५४ साली कर्जतच्या गुरांच्या दवाखान्यात गजा बैलाचं मोडकं शिंग बांधून घ्यायला आला खरा, पण रांगेत पुढे उभ्या नवराबायकोचं बोलणं ऐकता ऐकता त्याचेच कान बैलाएवढे लांब झाले. दहिवलीची सोनुबाई काखेत कोंबडा घेऊन उभी होती, मागे तिचा नवरा हिरू.

“डॉक्टर, याला तुरा येईल असं कायतरी द्या. सून पोटुशी हाय, तिचं नीट होऊ दे म्हणून कोंबडा बोललेय देवाला.”

“आरवतो का?”

“नाय वो. कोंबड्या टोचायला लागल्या की माझ्या पदरात लपतो.”

“देवळात नेला तर भगत हिला म्हणला, ही तर कोंबडी आणलीस गं,” हिरू हसला.

“तुमी गप बसा!”

“खुराड्यात काही टाकता?”

“मलेरियावाल्याकडनं डीडीटी मागून घेतली. पिल्लू होता तवापासून रोज मूठभर. एक ऊ नाय अंगावर!”

“म्हणूनच. वाढीच्या वयात ती पोटात गेली की कोंबड्याचं नरपण वाढतच नाही.”

“आन् माणसाचं? माझ्या गोधडीत पण टाकते ही, ढेकणांसाठी.”

“माणसाचं अजून कुणी नीट पाहिलेलं नाही. पण तुमचं वाढायचं वय गेलं, बाबा.”

“वाचलो बुवा!”

“काय वाचलात? ती गोधडी परवापासून सुनेच्या अंगाखाली हाय!”

“अगं, मग पोटातल्या पोराचं तर वाढायचंच वय!”

“चला, चला!” सोनुबाईनं हिरूला ढोसलं. “आधी गोधडी काढा, मग तो डबा मलेरियावाल्याच्या हातात देऊन या.”

“आन् देवाचा कोंबडा?”

“देवाची माफी मागून नारळ फोडीन. हा ऱ्हाईल माझ्या पदरात.”