अडल्याची हाळी

तुमाला कोनीतरी सांगितलं आसनार की धरनावर जा, तितं एक बडबड्या पोरगा होडीत बसल्याला आसतो, त्यो पान्याखालच्या गावातल्या भुताच्या गोष्टी सांगतो. आता तुमी मोबाइल चालू करून बसलाय, तोंडावरनंच कळतंय, वाट बघताय की कवा ह्यो म्हनतोय आवसंला बुडल्याल्या देवळातली घंटा वाजती. न्हाई वाजत. घंटा आमच्या लोकांनी गाव सोडतानाच काढून आनली, ती वरच्या देवळात टांगल्याली हाय आन बारकी पोरं तिला लोंबकळत्यात. भूत न्हाई, खजिना न्हाई, भुयार बियार काय न्हाई. जे हाय ते भुतापरीस वंगाळ हाय आन ते माझ्या ह्या तोंडानं झालंय, तवा ऐका.

आमी पवनेच्या पान्याकडंचे. जुनं गाव धरनात गेलं तवा माझा आबा, मंजी माझा थोरला चुलता, चड्डी सावरत शाळंत जानारं पोरगं व्हता, आन माझा बाप तर जन्मलाबी न्हवता. मी वरच्या गावातला, टेकाडावरच्या. बाप उर्स्याला टोलनाक्यावर कामाला, आठवड्याला घरी यायचा, त्यामुळं मला वाढवला आबानंच. शाळा काले कॉलनीला, कालेज लोनावळ्याला, ते आर्धंच, त्याचं इचारू नका. आवाज काढायचं कवा लागलं ते मलाबी म्हाईत न्हाई. शास्त्राचे सर वर्गात यायच्या आदी मी दाराआडनं त्यांच्या आवाजात खोकायचो आन शांत बसा म्हनायचो, की वर्ग गपगार, आन मंग खरे सर आले की कोन उठायचंच न्हाई, सगळ्यांला वाटायचं मीच हाय. मळवलीच्या टेसनावर एकदा त्या भोंग्यातनं गाडी आली सांगनाऱ्या बाईच्या आवाजात बोललो तर बाकड्यावरची मानसं पिशव्या उचलून हुभी राहिली. हासू नका, मलाबी तवा लय हासू आलतं. माझ्या आवाजावर मानसं हालत्यात, ह्ये मला तवाच कळाया पायजे व्हतं.

तर आबाची होडी. होडी मंजी लाकडाची, सागाची, दर साली बुडाला डांबर फासायचं, फळ्यांच्या शिवनीत चिंध्या ठोकायच्या. मोठी एक आन धाकटी एक. इंजिन न्हाई काय न्हाई, दोन वल्ही. पलीकडच्या काठाला तुंगाच्या पायथ्याला ठाकरवाडी हाय, त्या लोकांला दवाखाना, बाजार, रेशन, सगळं आमच्या काठाला. रस्ता झालाय आता, पन त्यो डोंगराला वळसा घालून, आन जीप मिळाली तर. फोनचं काय इचारताय, डोंगराच्या पोटात रेंज कुटली. मंग त्या काठाला मानूस येऊन हुभं राहतं आन हाळी देतं, होडी होऽऽ, आन आमच्या काठाचा नावाडी वल्हं होडीच्या कडंवर हानतो, टक टक टक, मंजी ऐकलं, आलो. मंग निघायचं. कोन हाय, काय काम हाय, इचारायचं न्हाई. आबाला नुसत्या हाळीवरनं कळतं कोन हाय ते.

आन एक हाळी येगळी आसती. तिला आमच्यात अडल्याची हाळी म्हनत्यात. बाई अडली, कुनाला पान लागलं, मंजी साप चावला हो, तर ती द्यायची. ती लांब आसती, मधीच तुटती, परत वर चढती. ती ऐकली की जेवत्या ताटावरनं उठायचं, वारं बघायचं न्हाई, पानी बघायचं न्हाई. ती खोटी कोन देत न्हाई. म्हंजे देऊ नये आसं कोनी सांगितल्यालंबी न्हाई, कारन कोन देईल हेच कुनाच्या डोक्यात आलं न्हाई कवा. माझ्यापातुर.

मागल्या पंधरवड्यातली गोष्ट. आबाचा उजवा खांदा गेल्याला, हात वर जात न्हाई, म्हनून दोन सालं झाली होडी मीच मारतो आन काठाच्या तंबूत, क्याम्पावर, राहाया येनाऱ्या लोकांला फिरवतो. त्या दिवशी एक साहेब, त्यांची मॅडम आन साहेबांची म्हातारी आई. मॅडम काठावरच म्हनली, आम्ही बनारस पाहिलंय, पहाटे नावेतून अख्खं शहर, घाट काय, देवळं काय, इथं नुसतं पाणी तर आहे, इथं काय बघायचं. म्हनलं मॅडम, बनारसला शहर काठाला आसतं, आमचं शहर बुडाशी हाय, बसा तर खरं. गाव म्हनलं की लोकं बसत न्हाईत, म्हनून मी शहर म्हनतो. साहेब म्हनला मी जिममधे रोज वल्हं मारतो. म्हनलं आमची जिम जागची हालती साहेब.

आबा चिंचंखाली बसल्याला. म्हनला, आरं आज वारं मेलंय. देवळापलीकडं जाऊ नको. वारं मेलंय मंजी आजिबात न्हाई, पान हालत न्हाई, पानी तेल वतल्यासारखं. उनाळ्याच्या शेवटाला आसं झालं की समजायचं तुंगाच्या मागं काहीतरी भरतंय. मला दिसत व्हतं की, आभाळाची कड जांभळी झालती. पन साहेबापुढं म्हातारा मला पोरासारखं सांगतोय ह्याचाच राग आला, मी आबाच्याच आवाजात म्हनलो, आरं आज वारं मेलंय, आन मॅडम खदाखदा हासली. आबानं तोंड फिरवलं. दुसऱ्या काठाकडं बघत बसला. त्याचं आठ दिवस तिकडंच ध्यान व्हतं, कारन ठाकरवाडीच्या सोनामावशीची सून भरल्या दिवसाची, आन पहिल्या बाळंतपनाला तिचा जीव जाता जाता वाचल्याला. आबानंच आनलं व्हतं तिला होडीतनं.

गेलो. उनाळ्यात पानी उतरलं की जुन्या देवळाचं शिखर वर येतं, भवतीनं टेकाड उघडं पडतं, भिताडांच्या रेघा दिसत्यात, इहिरीचं तोंड दिसतं पान्याखाली, काळं, डोळ्यावानी. मी वल्हं थांबवलं आन चालू झालो. म्हनलं ह्यो तिकोना, त्यो तुंग, मागं लोहगड आन इसापूर, ह्ये आमच्या शहराचे बुरूज, आन आता आपन पेठंतनं चाललोय, डोस्की सांभाळा, वर लोकांची धुनी वाळत घातल्याली हायत. मंग आवाज काढले. पहाटंचा गुरव काढला, तोतरा सुतार काढला, इहिरीवर भांडनाऱ्या दोगी जावा काढल्या. ही समदी कवाच मेली, मी एकालाबी बघितल्यालं न्हाई, आजीकडनं ऐकल्याली, पन काय सांगू तुमाला, त्यांचा खोकलासुदिक मला येतो. मॅडमनी तोंडाला पदर लावला हासून हासून, साहेब व्हिडिओ काढतोय.

म्हातारी तेवढी हासंना. पान्यात बघत व्हती. म्हनली, बाळा, मेलेल्यांचे आवाज असे पाण्यावर काढू नयेत.

मी म्हनलं, बरं आजी, मंग जित्याचा काढतो.

आन मी होडीत हुभा राहिलो, तोंडाला हात लावला आन सोनामावशी काढली. साधी हाळी काढायची व्हती मला, खरं सांगतो, पन साध्या हाळीत काय मजा, म्हनून अडल्याची काढली. आबा होऽऽ, धावा होऽऽ. मावशीचा आवाज फाटका हाय, शेवटाला उचकी लागल्यासारखा आत जातो, ती उचकीसुदिक घेतली. वारं न्हाई, पानी गप, आवाज गेला तो तुंगाला आदळून परत आला, आन परत येताना त्यो माझा न्हवताच, मावशीचाच व्हता. आमी देवळाच्या आडाला, दोन काठांच्या मधी, म्हंजे आमच्या काठाला त्यो बराबर ठाकरवाडीच्या अंगानंच गेला आसनार.

साहेब टाळ्या वाजवाया लागला. आन त्या टाळ्यांच्या मागनं आवाज आला, बारीक, लांबनं. टक, टक, टक.

मॅडम म्हनली, वा, हे पण तूच केलंस? म्हनलं न्हाई.

वल्हवनाऱ्याचं तोंड मागं आसतं. चटशिरी दोन हात मारून देवळाच्या आडनं बाहीर निघालो तर आमच्या काठावरनं धाकटी होडी सुटल्याली, आन तिच्यात आबाची पांढरी टोपी. एका हातानं मारत व्हता, वाकून वाकून. मी वरडलो, आबा मी हाय, आबा माघारी फिर. तवाच तुंगाच्या खिंडीतनं वारं सुटलं. आता बघा कसं आसतं, वाऱ्यात शब्द तुटून जात्यात, नुसता सूर पोचतो. मी जितका वरडंन तितका त्यो जोरात मारतोय, आन मधीच थांबून कडंवर वल्हं हानतोय, टक टक टक, आलो बाई, आलो. मला घाबरूनसुदिक आवाज बदलता येईना, गळ्यात मावशीच अडकून बसल्याली.

मंग पानी उठलं. धूळ आली, आभाळ खाली आलं, लाटा पांढऱ्या. मोठ्या होडीचं तोंड फिरवाया गेलो की ती आडवी व्हायाची, तेवढ्यात आबा लांबनंच आमाला टाकून पुढं गेला. साहेब म्हनला परत चल, आत्ताच्या आत्ता, आमच्या काठाला. म्हनलं वारं ढकलतंय तिकडं देवळाची भिताडं हायत, होडी त्यावर आदळली तर फुटंल. ह्ये खरं व्हतं. पन खरं नसतं तरी मी हेच म्हनलो आसतो, कारन आबा पुढं चालला व्हता. म्हातारीनं दोनी हातांनी कड धरली आन म्हनली, अरे त्याच्या हातातलं एक वल्हं घे की, बघतोस काय. साहेबानं गॉगल काढला आन बसला माझ्या बाजूला. जिमवालं वल्हं न्हवतं ते, तळहाताची साल निघाली त्याची, पन सोडलं न्हाई हां त्यानं. मॅडम पानी उपसत व्हती, रडत व्हती आन मला शिव्या देत व्हती, तिनी कामं एकाच टायमाला.

मी मान वळवून वळवून बघतोय. टोपी दिसायची, बुडायची. दिसायची, बुडायची. मंग दिसंनाच.

ठाकरवाडीच्या काठाला लागलो तर धाकटी होडी चिखलात पालथी पडल्याली. वल्हं न्हाई. टोपी तेवढी झुडपाला अडकल्याली. मी पान्यात शिरलो, गळ्यापातुर, हातानं चाचपत, पायानं चाचपत, त्या पान्याखाली माझा आजा-पंजा नांदल्याला, आन मी तितं आबाला हुडकतोय. आवाज काढाया तोंड उघडलं तर आवाजच न्हाई. साहेबानं मला कॉलरला धरून भाईर वढला, चिखलात पाय दाखवले. मानसाचे पाय, वाडीकडं चढत गेल्याले.

पळत गेलो. सोनामावशीच्या दारात आबा बसल्याला, नखशिखांत चिखल, उजवा खांदा खाली निखळल्याला, आन धापा टाकत सुनंला इचारतोय, पोरी कुटं दुखतंय, चल, उठ, होडी आनलीया. सून सूप घिऊन हुभी, तांदूळ पाखडत व्हती. मावशी म्हनली, आबा, कुनाला दुखतंय? आमी न्हाई बोलावलं. आबानं तिच्याकडं बघितलं, मंग दारात माझ्याकडं बघितलं, आन त्याला कळलं. इचारलंबी न्हाई त्यानं.

मावशीनं मात्र सूप हिसकावलं आन तेच घातलं माझ्या पाठीत. म्हनली, मुडद्या, माझा गळा तुला खेळाया दिला व्हता का? ह्या पोरीच्या पोटात कळ आली आन मी काठाला जाऊन बोंबलले तर तिकडं म्हनतील, त्ये पोरगं चाळं करतंय. आता तूच हितं राहा. ती मोकळी हुईस्तवर काठाला होडी घिऊन बसायचं, उन आसू दे न्हाईतर वीज पडू दे. म्हनून तुमाला मी हितं दिसतोय. साहेब लोकं दुसऱ्या दिशी जीपनं वळसा घालून गेली, म्हातारीनं जाताना डोक्यावर हात ठिवला, मॅडमनी बघितलंबी न्हाई. सून आजून मोकळी न्हाई. रोज दुपारी तुंगामागं तसंच जांभळं भरून येतं, मी होडीतलं पानी उपसतो आन वाडीकडं कान लावून बसतो. आबाचा खांदा बसवला, पन वल्हं आता कायमचं गेलं त्याच्या हातातनं.

आबा त्या राती काय बोलला न्हाई. त्यानं मारलं आसतं तर बरं झालं आसतं. सकाळी पानी निवळलं तवा हात गळ्यात बांधून काठाला आला, होडीत बसला, म्हनला मला पल्याड सोड. मी आर्ध्यापातुर गेलो, देऊळ आलं. मंग म्हनलो, आबा, चुकलं, तू बुडाला आसता तर. तवा बोलला. म्हनला, मी बुडालो आसतो तर एक म्हातारा गेला आसता, त्याचं काय. गाव गेलं, शेतं गेली, इहिरी गेल्या, आमी कुनाला काय म्हनलो न्हाई, ह्या काठाची हाळी त्या काठाला पोचत व्हती, तेवढ्यावर आमी जगलो. काल मी ती ऐकली आन इचार न करता उठलो. इतून पुढं आली तर मी आदी हुभा राहीन, कान दीन, म्हनीन ह्यो हाय का ती हाय. तेवढ्यात तिकडं ती पोर मरंल, आन मी काठाला कान देत हुभा आसंन. ह्ये केलंस तू माझं. भाड्या, रडतोस काय आता, वल्हं मार.