सुईनंतरचा अर्धा तास

छत्रपती संभाजीनगरातल्या त्या दवाखान्यात ॲलर्जीचं इंजेक्शन घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. माझ्या बाकावर सोयगावच्या बानाबाई आणि चितेगावची तनुजा बसल्या होत्या.

“उठू नको गं. सिस्टरनं बसायला सांगितलंय.”

“मावशी, उशीर झालाय. घरच्यांना वाटतंय, मी कंपनीत आहे.”

“सासरी सांगितलं नाय व्हय?”

“आईनंच सांगू दिलं नाही. दम्याची पोरगी म्हणून स्थळं परत जायची.”

“मग धाप लागली की?”

“न्हाणीत जाऊन पंप ओढते.”

“मी बी लपवलं व्हतं. शेरडांच्या केसानं मला धाप लागती. सांगितलं तर मालक शेरडं इकतील, म्हणून गप बसले. एकदा रानात पडले, तर मालकाला कळंना काय झालं अन् दवा कुठली द्यायची.”

“मग विकली शेरडं?”

“नाय. आता ती मालक सांभाळतेत अन् मी सुई घ्यायला येते. तू गळा का खाजवते?”

“खाजतंय जरा.”

“व्हट सुजलेत तुझे. सिस्टर, लवकर इकडं या.”

सिस्टरनं तिला आत नेऊन दुसरं इंजेक्शन दिलं. बऱ्याच वेळानं तनुजा सावरून बाहेर आली. बानाबाई तिची पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तनुजानं पर्समधून मोबाइल काढला.

“अहो, मी कंपनीत नाही, दवाखान्यात आहे. आता बरी आहे. मला दमा आहे. नाही, आजचा नाही, लहानपणापासून. तुम्ही या. मी इथंच बसते.”