फाटकातून काढलेला फोटो

(फोनवर. झारकिन बिश्केकच्या बँकेत, तुर्दाकुन कोचकोर गावी घरी. ‘बायके’ ही वडीलधाऱ्या पुरुषाला मारायची किर्गिझ हाक, ‘दादा’सारखी.)

झारकिन : नाही बायके, चूक काढायला फोन केलेला नाही.

तुर्दाकुन : चूक काढणारे असंच सुरू करतात, पोरी. बोल.

झारकिन : असिलबेकच्या घराची तुम्ही जी किंमत काढलीत, तो रिपोर्ट बँकेनं माझ्याकडे तपासायला दिलाय. शेरा मारण्याआधी तुम्हाला विचारावं म्हटलं.

तुर्दाकुन : बरं केलंस. तुझ्या आधीचा शेरा मारून मोकळा व्हायचा.

झारकिन : पाच खोल्या लिहिल्यात. फोटो एकच, तोही फाटकातून.

तुर्दाकुन : स्वच्छ आलाय की.

झारकिन : आलाय. पण घर दिसत नाही, अंगणातला लोकरी नमद्याचा तंबू दिसतो. लग्न होतं का?

तुर्दाकुन : मयत.

झारकिन : कुणाचं?

तुर्दाकुन : असिलबेकचं.

झारकिन : म्हणजे ज्याला कर्ज हवंय त्याचं?

तुर्दाकुन : हवं होतं. गोठ्यासाठी. आदल्या दिवशी त्याचाच फोन, ‘या, मटण शिजवून ठेवतो.’ गेलो तर पातेलं चुलीवर होतंच.

झारकिन : रिपोर्टमध्ये यातलं काहीच नाही.

तुर्दाकुन : तसा रकाना नव्हता.

झारकिन : बायके.

तुर्दाकुन : अगं, मयताला आलेल्या पुरुषानं प्रेत ठेवलेल्या तंबूपर्यंत रडतच जायचं असतं. मोजायची टेप कोटात कोंबली आणि हंबरडा फोडला. पहिले दोन हुंदके रीतीचे. मग मला आवरेचना. एका बाकावरचे आम्ही. नंतर त्याच्या बायकोनं हाताला धरून जेवायला बसवलं. तिला काय म्हणू, तळघर दाखवा?

झारकिन : मग खोल्या कुठून आल्या?

तुर्दाकुन : जुन्या कागदावरून.

झारकिन : न बघता ‘पाहणी केली’ असं लिहिलंत. मी हे कळवलं की तुमचं लायसन जाईल.

तुर्दाकुन : कळतं मला. घाबरलोय मी. मेंढ्या राखायला आता गुडघेही उरले नाहीत.

झारकिन : माझं लिहून व्हायच्या आत रिपोर्ट तुम्हीच मागे घ्या. आजच. मग मीही तसंच लिहीन, की चूक त्यांनी स्वतः कबूल केली. लायसनचं माझ्या हातात नाही, पण एवढं बघतात.

तुर्दाकुन : कारण काय देऊ?

झारकिन : झालं ते.

तुर्दाकुन : ऐक, लिहितोय. ‘मालक वारले. घर आतून पाहिलं नाही. मी रडत होतो.’

झारकिन : शेवटचं वाक्य काढा. बँकेच्या कागदात असलं चालत नाही.

तुर्दाकुन : बरं. खोडतो.

झारकिन : थांबा, बायके. राहू दे ते.