धुरा सरकला

नत्थूजी : नाई व बाई, हे काई मले जमीन वाटत नाई.

अपेक्षा : आबाजी, कंप्युटर जमीनच म्हणून राह्यला. पांढरं दिसते तेवढा बर्फ, मातकट दिसते ते जमीन. दोन वर्सं घासली मी या हिमनदीवर. चार वाजता सरांना नकाशा पाठवायचा हाय, आता खोडा नका घालू.

नत्थूजी : फोटो कोणं काढला हा?

अपेक्षा : उपग्रहानं. सात-आठशे किलोमीटर वरून.

नत्थूजी : अबब! अन् आपण तळेगावात बसून हिमालयातला गोटा न् गोटा पाहून राह्यलो! काटा आला पाह्य अंगावर.

अपेक्षा : पण बर्फ पार वरपर्यंत आटला. खाली चाळीस घरांचं गाव हाय, याच पाण्यावर वाटाणा पिकवते. पाणी टिकणार नसन तं गाव हलवायचं का, हे ठरवताना माहा नकाशा पाहतीन.

नत्थूजी : गाव हलवतीन? अन् तुले चारची घाई? दहा वर्साआधीचा फोटो लाव. बाजूले आजचा. (अपेक्षा दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावते.) हा काळ्या गोट्यांचा पट्टा तवा या सुळक्यासमोर होता. आज?

अपेक्षा : आज... खाली दिसते. फोटोच हलला असन.

नत्थूजी : फोटो हलला असता तं सुळकाबी हलला असता. बत्तीस वर्सं जमीन मोजणीत साखळी ओढली म्या. लोकं शेजाऱ्याच्या वावरात धुरा सरकवत, हद्दीचे दगड उचलून पुढं गाडत. आमी विहिरीपासून मोजून पकडत होतो, काऊन का विहीर कोणाच्या बापाले सरकवता येत नाई. हितं तं चिटपाखरू नाई. मंग एवढे गोटे सरकवले कोणं?

(अपेक्षा दोन्ही फोटो एकावर एक ठेवून मोजते.)

अपेक्षा : दोनशे दहा मीटर! सुळका जागच्या जागी, अन् पट्टा दोनशे दहा मीटर खाली!

नत्थूजी : मंग? जमीन अशी चालते का कुठं?

अपेक्षा : नाई चालत. आबाजी, खाली बर्फ हाय! वर गोटेमाती पडली म्हणून कंप्युटर फसला, अन् त्याच्यासंगं मीबी. हा सगळा पसारा पाठीवर घेऊन बर्फच खाली येऊन राह्यला.

नत्थूजी : एवढा डोंगराएवढा, अन् गुपचूप? बाप्पा बाप्पा! हात जोडावं वाटते.

अपेक्षा : मले तं रडूच येऊन राह्यलं. बर्फ तिथं संपला म्हणून लिहून टाकलं होतं मी.

नत्थूजी : पुसून टाक, माय. जित्ता हाय तो.