गोळीचा गुण

दवाखान्याच्या बाकावर सुताराशेजारी एक जोडपं येऊन बसलं. सुताराची नजर छताकडे होती, कान मात्र त्यांच्याकडे.

“थायरॉईडला गोळीशिवाय दुसरा काही उपाय आहे का, ते आज डॉक्टरांना विचारतो.”

“कशाला? मला चांगला गुण आलाय.”

“म्हणूनच.”

“अहो, वर्षभर मी अगदी भर उन्हाळ्यातसुद्धा पांघरूण घेऊन पडून होते.”

“आणि मी तुला हातात चहा आणून देत होतो. कधी तक्रार केली?”

“मग आता कसली आहे?”

“माझं कपाट उपसलंस, बोललो नाही. मिशा काढायला लावल्यास, काढल्या. पण परवा मला झोपेतच पलंगासकट खिडकीशी नेलंस.”

“तिथे उजेड येतो.”

“नेहमीच्या बाजूने उतरायला गेलो आणि भिंतीवर आपटलो.”

तेवढ्यात तिचा नंबर लागला. “तुम्ही बसा,” म्हणत ती एकटीच आत गेली आणि थोड्या वेळाने हसत बाहेर आली.

“काय म्हणाले?”

“गोळी अजून कमीच पडतेय म्हणाले. उद्यापासून वाढवलीय. थांबा, घेऊनच येते.”

ती तरातरा निघून गेली. नवरा सुताराकडे वळला.

“आपण काय करता?”

“सुतारकाम.”

“पलंग जमिनीला ठोकून द्याल का?”