नऊ ट्रक आईच्या दारात

हसायचं नंतर, आधी ऐका. फौजेत ट्रक चालवायचो तेव्हाची गोष्ट. ताफ्याचा नियम एकच, पुढची गाडी जाईल तिकडे मागच्यांनी मुकाट जायचं. त्या दिवशी पुढची गाडी माझी होती, आणि हायवेवर आमच्या जूचंद्र गावचा फाटा दिसताच हात सवयीने घराकडे वळला! नऊच्या नऊ ट्रक आईच्या दारात. पुढे खाडीकाठच्या खाजणातला चिखल, रस्ता संपलेला.

सुभेदार साहेब धावत आले. "घे रिव्हर्स, गाढवा!"

मागे जाऊन बघतो तर शेपटीला एसटी चिकटलेली. तिचा ड्रायव्हर म्हणाला, "मिल्ट्री वळली, म्हटलं पुढे शॉर्टकट असणार!"

तेवढ्यात आई माझ्यावरच तडकली, "सांगून तरी यायचास! पानी सगल्यांना देते, चा एकट्या साहेबाला."